सोळा जातींचा वाफा

डोळ्यांत औषध घातल्यामुळे शिक्षिकेला सगळं धूसर दिसत होतं. दवाखान्यातल्या बाकावर तिच्या शेजारी गवताळ माळाचा म्हातारा राखणदार बसला होता. त्याला ऑपरेशनसाठी घेऊन आलेल्या संशोधक बाईही सोबत होत्या.

"बाई, एकदा नजर आली की सोळा जातींच्या गवताचा वाफा मीच मोजणार," राखणदार त्यांना म्हणाला.

"मामा, जरा ऐका."

"एकाच गवताच्या वाफ्यापेक्षा तो हवेतला दुप्पट कार्बन ओढतो, तुम्हीच म्हणाला होतात."

"हो. कुणाची मुळं खोल, कुणाची वरवर. एक सुकलं की दुसरं वाढतं. सगळी मिळून कार्बन जमिनीत साठवतात."

"मग तुमचा आवाज का पडलाय?"

"माळ नांगरला, मामा. परवा."

"कुणी?"

"वनखात्यानं. झाडं लावणार आहेत. एकाच जातीची. म्हणे, कार्बन साठवायला."

"आपले वाफे सोडून ना?"

"सगळंच."

"तुम्ही आकडे दाखवले नाहीत?"

"दाखवले. साहेब म्हणाले, गवतच तर आहे."

"एकवीस वर्षं राखलं हो मी."

"ऑपरेशन झाल्यावर सांगणार होते. पण राहवलं नाही."

"चला आजोबा, तुमचा नंबर आला," सिस्टरनं हाक मारली.

"नको, ताई. दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

"मामा, असं काय करता? डोळे जातील!"

"जाऊ देत. आता बघायचंय काय?"

त्याच्या काठीचा आवाज बाहेरच्या दाराकडे गेला. पाठोपाठ बाईंची पावलं धावली.

"पुढचा नंबर कुणाचा?" सिस्टरनं विचारलं.

तो शिक्षिकेचा होता. पण तिला पटकन उठवेना.