सर, त्या बाटलीत तुम्ही काय टाकलंत?

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे ते आमचे सर, आणि चहाची वाट बघत माझं ऐकणाऱ्या मंडळींनो,

सरांच्या शेवटच्या विद्यार्थिनीची मी आजी. पालकांतर्फे दोन गोड शब्द बोला, असं मला सांगितलंय. गोड बोलायची मला सवय नाही, आणि शाळा चौथीतच सुटली.

नात म्हणाली, "आजी, मी बोरिक आम्लावर काम करते." म्हटलं, म्हणजे झुरळं मारायची ती पांढरी पावडर? त्यासाठी एवढं शिकायचं? मग तिनं समजावलं. ती पावडर कोबाल्टच्या एका संयुगाबरोबर गरम पाण्यात विरघळवायची. बोरॉन आणि ऑक्सिजन कड्या करून एकमेकांना धरतात आणि कोबाल्टच्या त्या पाहुण्याभोवती जाळी विणतात. पाहुणा बदलला की जाळी बदलते. पाणी निवलं की तळाशी केशरी खडे दिसतात, म्हणे. दिसायला हवेत! दोन वर्षं झाली, खड्यांचा पत्ता नाही. पोरगी जेवेनाशी झाली.

एकदा मी डबा द्यायला प्रयोगशाळेत गेले. बघते तर काय, नात जागेवर नाही आणि सर तिच्या फळीपाशी, बाटली उघडून उभे! बाटलीला हात लावायचा नाही, हा नियम कोणाचा? यांचाच. मला बघून घाईघाईनं ठेवली. आणि आठवडाभरात त्याच बाटलीत खडे. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं?

मला वाटलं, यांनी आपला जुना खडा टाकला. उद्या म्हणतील, शोध माझा. नात म्हणाली, "काहीतरीच काय आजी! सर तसे नाहीत." तसे नसलेले पुष्कळ पाहिलेत मी.

मग खडा क्ष-किरणांच्या यंत्रात गेला. जाळी निघाली अगदी नवी, आजवर कोणाच्याच खड्यात नसलेली. सरांच्याही नाही. माझा निम्मा संशय गेला. निम्मा आहे. कारण परीक्षक म्हणतात, पुन्हा करून दाखव, नाहीतर पदवी विसर. आणि खडे पुन्हा येत नाहीत! सर उद्यापासून घरी. म्हणून भर सभेत विचारते: सर, त्या बाटलीत तुम्ही काय टाकलंत?

काय? मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू जाऊ दे.

"काही नाही हो आजी! राहवलं नाही, म्हणून डोकावलो. झाकण निघता निघेना, कसंबसं उघडलं. तेवढ्यात तुम्ही आलात, तशीच ठेवली. सैलच राहिलं असेल."

ऐकलंत? सैल! झाकण घट्ट लाव, हे तिला मी शिकवलंय. मुंग्या लागत नाहीत. त्यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

अगं, तू कुठे उठलीस? काय म्हणतेस? "आजी, नुसतं निवून नाही, पाणी उडून खडे आले! घट्ट झाकणातून उडणार कसं?" अगं, भाषण तरी संपू दे! गेली.

सर, तुम्हीही निघालात? तो पुष्पगुच्छ तरी खाली ठेवा. जा, पण हात मागे बांधून उभे राहा. या खेपेला झाकण तीच सैल करील.

मंडळी, एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. जास्त-उणं बोलले असेन तर पोटात घाला. चहा तुम्ही घ्या. मी चालले, सरांवर लक्ष ठेवायला.