नवऱ्याचं नाव

हसू नका गं, पण माझा पहिला नवरा मी पनवेलच्या बाजारातून स्वस्तात विकत आणला होता. म्हणजे खोटं मंगळसूत्र! तेव्हा मी शाळेत शिकवायचे, लग्न व्हायचं होतं, आणि दोन दिवस एकटीनं समुद्रावर जायचंच, असं मनानं घेतलं होतं. एकट्या बाईला लॉजमध्ये खोली कोण देणार? म्हणून उरणच्या पुढे, केगावात, एका आगरी म्हातारीची खोली ठरवली. एसटीत सगळा रस्ताभर नवऱ्याचं नाव घोकलं.

पोचले, तर ओट्यावर पुरुषमंडळी बसलेली. म्हातारीनं पाणी दिलं आणि विचारलं, "नवऱ्याचं नाव काय गो, बाय?"

"दिनकर माधव पोंक्षे!" मी हजेरी घ्यावी तसं खणखणीत सांगितलं.

ओट्यावरची बोलणी एकदम थांबली. म्हातारीनं माझा दंड धरून मला आत नेलं आणि दाराला कडी घातली.

"लगीन नाय ना जालं तुजं?"

मी मंगळसूत्र पदराबाहेर ओढून दाखवलं. परतीची एसटी तर निघून गेली होती.

"नवऱ्याचं नाव कोन बाय असं घडाघडा घेतं?" तिनं माझा पदर नीट केला. "आता कुनी इचारलं तं नुसतं लाजायचं. नाव मी सांगन."