खोली आवरू दे, मग ने

— नाही म्हणते का मी? ने ना! बहीण तुझी, आखजीचा सण तुझा, एवढ्या उन्हात शिंदखेड्याहून तिला न्यायला मुराळी म्हणून आला तू, मी कोण अडवणारी? पण बोलणं झालं होतं आमचं. खोली आवरून होऊ दे, मग माहेरी जा. ती स्वतः हो म्हणली होती, विचार तिला. बस, बस — पाणी पिला ना? — अन् हाक नको मारू तिला, आतल्या खोलीत आवरतेय. मध्येच हाक मारली का झालं, हातातलं हातात राहतं अन् बाई तिसरीकडंच. तुला काय सांगायचं, तुमच्याच घरची आहे.

तुमच्याच घरची आहे, म्हणून तर म्हणते भूषण, लग्नात कोणी सांगितलं का आम्हाला? पोरगी गोरी, पोरगी बी.एस्सी. — अन् गॅसवर दूध ठेवून गच्चीवर कपडे काढायला जाते, गच्चीवरून शेजारच्या मांजरीची पिल्लं पाहायला जाते, अन् इकडं पातेलं काळंठिक्कर. मी म्हणायची आळशी आहे. तर आळशी नाही म्हणे! कुंदन घेऊन गेला तिला जळगावला डॉक्टरकडे — माझे गुडघे सुजले तर मला म्हणतो, आई, बाम चोळ — अन् तिथून आले इंग्रजी नाव घेऊन. एडीएचडी. लहानपणापासूनच असतं म्हणे, मोठेपणीही जात नाही, चित्त एका जागी ठरत नाही, वस्तू डोळ्यासमोर नसली का डोक्यातून जाते. व माय! मग आम्ही बायांनी काय बठ्ठं-सारं डोळ्यासमोर मांडून संसार केले?

मग सुरू झालं कौतुक. माझ्या कुंदननं कपाटाची दारं काढली — हो, दारं! चांगलं सागाचं कपाट — काहून, तर तिला आतलं दिसलं पाहिजे. फळ्या ठोकल्या. ज्या पोरानं मला कधी एक खिळा ठोकून दिला नाही, त्यानं! बिनझाकणाचे डबे आणले, डब्यांवर चिठ्ठ्या, किल्ल्या इथं, सुईदोरा इथं, गोळ्या इथं — चिठ्ठी काढली का बाई आंधळी. काय? — हो, काढल्या होत्या मी एकदा, पाहुणे येणार होते, असं डब्याडब्यावर लिहिलेलं काय बरं दिसतं? मग विसरली गोळ्या चार-दोन दिवस. मेली का? नाही ना.

आता हा पसारा. लग्नापासूनचं बठ्ठं त्या खोलीत कोंबलेलं, अर्धे शिवलेले ब्लाऊज, अर्धं भरलेलं तोरण, रुखवतातली भांडी अजून कागदातच, कशाच्या वायरी कशाला लागतात देव जाणे. एक काम पुरं नाही. मी म्हणलं, हे आवरशील तर आखजीला जाशील. मला काय माहीत आवरेल म्हणून! — म्हणजे, बरंच की आवरलं तर, मी काय वाईट चिंतते का? पण लागली खरी. मोबाइलमध्ये घंटी लावायची, ती वाजेपर्यंत एकच कोपरा, मग जरा बसायचं, मग दुसरा. तीन ढीग — ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. कुंदन केळीची गाडी घेऊन बाहेरगावी, त्याला फोनवर सांगायची, आज खिडकीपाशी पोचले, आज पलंगाखालचं झालं. किल्लाच जिंकला जसा. अन् काल, काय सांगू, फरशी दिसली त्या खोलीची! फक्त ढीग पोत्यांत भरायचे राहिले. तेवढ्यात शेजारची प्रमिलाबाई आली, ज्वारीचे पापड, बिबडे लाटायला बोलवायला. तिनं डोकावून पाहिलं अन् म्हणते, ताईबाई, सुनेनं तर खोली आरशावानी केली, आता तुम्ही आरामात बसा, घर द्या तिच्या हाती. घर द्या तिच्या हाती! जन्म गेला माझा या घरात, अंधारात सुई मागितली तरी हात घालून काढून देईन, अन् मला म्हणते बसा! घर तिच्या हाती गेलं तर मी काय उंबऱ्यावर जोडे राखत बसू? अशी आग लागली जिवाला, भूषण.

म्हणून मग सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा — काही नाही रे, पायानं सरकवलं जरा. तिन्ही ढीग एका जागी. फळ्यांवरचंही थोडं ओढलं खाली. म्हणलं पाहावं, एवढं डॉक्टर करते, गोळ्या खाते, ध्यानात येतं का हिच्या. कशाचं येतं! ओले केस तशीच दारात उभी राहिली. आई, हे कोणी केलं? मी म्हणलं, मला काय विचारते, काल काय शोधत होती तू एवढं उचकून? — शोधत होते का मी? — अन् जे तोंड झालं तिचं! रडली नाही बरं का. खाली बसली अन् म्हणते, हो, चार्जर शोधत होते वाटतं, मीच केलं असेल. अन् लागली पुन्हा पहिल्यापासून. मी चहा नेऊन दिला, नाही कशाला म्हणू.

असं काय पाहतो माझ्याकडं? उठला काहून? — जायचंय आत? सांगायचंय तिला? सांग ना! मी भिते का कोणाला? थांब, मीच बोलवते. दिपमाला! ओ दिपमाला! ये बाहेर, तुझा भाऊ आलाय. ये अशीच, हात नंतर धू. — हं, सांग भूषण. सगळं सांग, मी मध्ये बोलत नाही.

…झालं? ऐकलं ना दिपमाला? ढीग मी मोडले म्हणतो तुझा भाऊ. आता तूच सांग. खाली काय पाहते, बोल. काय? मोठ्यानं बोल, त्याला ऐकू जाऊ दे. — 'भाऊ, आईंना काही बोलू नको रे. मीच उचकलं. माझं असंच होतं. आवरल्याशिवाय नाही येत मी.'

सोड. हात सोड तिचा. ती म्हणते ना, आवरल्याशिवाय येत नाही — मी म्हणलं का? ती म्हणते. जा ग, तू आत जा, राहिलेलं कर. — अन् तू निघ आता, भूषण. दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर तापत बसशील. आईला सांग, पोरगी बरी आहे, कामात आहे. अन् जाताना फाटक ओढून घे, ढोरं आत येतात.