मजल्याची शिडी

काडी हो, आगपेटीतली काडी! तिथेच मला कळायला हवं होतं! लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची सकाळ. देवापुढचं निरांजन लावायचं म्हणून मी आपली पेटीतली काडी काढली, ओढली, आणि मागून सासूबाई अशा काही ओरडल्या की मला वाटलं, माझा पदरच पेटला! काडी उडून देवांच्या अंगावर! "अगो, नवी काडी कित्याक? स्टोव्ह जळता मा?" म्हणजे काय, तर जळकी काडी घ्यायची, ती पेटत्या स्टोव्हवर धरायची, आणि त्या काडीने निरांजन लावायचं. जळक्या काड्यांचा वेगळा डबा होता! धुऊन पुसून, झाकणासकट! आणि समोरच्या खुर्चीतून, खुर्चीतून कसली, खुर्ची उलटी करून भिंतीला टांगलेली, तिच्याखालच्या पाटावरून माझे सासरे तात्या शांतपणे म्हणाले, "सूनबाई, एक ध्यानात ठेव. वापरलं की झिजतं!"

काडी झिजते, ठीक आहे. खुर्ची? तर म्हणे बसून बसून वेत सैल होतो. घड्याळ? भिंतीवर होतं, चांगलं पितळी लंबकाचं, बंद. का बंद? चावी दिली की आतली स्प्रिंग झिजते! "गिरणीचा भोंगा फुकट वाजतो, मग चावी द्यायची कशाला?" आता तुम्हाला सांगते, मी मुळात घाबरट. गिरगावात लहानाची मोठी झाले, खोताच्या वाडीत कुणी पियानोचं झाकण आपटलं तरी दचकायची, आणि आईवडिलांनी दिली कुठे? तर जिथे भोंगा वाजला की ताटातली वाटी हलते तिथे! आणि त्या भोंग्यावर मी वेळ बघायची! कानाने! छातीत धस्स झालं की समजायचं, गिरणीची पाळी बदलली.

तात्या चपला घालत नसत, वागवत असत. जिन्यावरून उतरताना हातात, नाक्यापर्यंत हातात, ओळखीचं कुणी दिसलं की पायात, ते वळलं की पुन्हा हातात. वर्तमानपत्र शेजारच्या खोलीत जाऊन वाचायचे. पोटमाळ्यावरचा दिवा काढून कापसात गुंडाळून ठेवलेला! का? वापरलं की झिजतं! अहो, मग लावलाच कशाला होता?

आणि शिडी! सगळा संताप माझा त्या शिडीवर आहे. माळ्यावर चढायला घरात शिडी नको? नको. तात्यांनी डोकं लढवून सगळ्या मजल्यात मिळून एक शिडी घ्यायला लावली होती. मजल्याची शिडी! नियमही तात्यांचाच. ज्याला हवी त्याने न्यावी, आणि मोकळी दिसली की दुसऱ्याने उचलावी, शिडी कुणाच्या घरात उगाच टेकून राहता कामा नये. का? कारण माणसं येताजाता एखादी पायरी चढतात, नि... बरोब्बर! तुम्हालासुद्धा पाठ झालं की नाही?

तर त्या दिवशी माझी मुलाखत होती. दादरच्या एका शाळेत बाईंची जागा निघाली होती, आणि मुख्याध्यापिका तीनपर्यंतच भेटणार, त्यानंतर नाही. बी.ए. झालेली मी, इतिहास घेऊन, आणि दिवसभर करत काय होते? तर साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवत होते! तुम्हाला सांगते, मला पगाराचं सोनंनाणं काही नको होतं. मला माझी स्वतःची आगपेटी हवी होती! एक अख्खी! सकाळी उठावं, नवीकोरी काडी ओढावी आणि वाऱ्यावर विझली तर दुसरी ओढावी, इतकंच माझं स्वातंत्र्य! आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तात्यांना विचार." तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "जा, पण चालत जा."

निघायच्या वेळी सासूबाईंनी मला खालीवर न्याहाळलं. "ह्या विटक्या पातळात जातलंस? लोक आमका काय म्हणतले?" मी म्हटलं, अहो, चांगली साडी कुठाय माझी? लग्नातली जांभळी जरीची साडी आल्या दिवशीच माळ्यावरच्या ट्रंकेत गेली होती. का, ते मी आता सांगत नाही, माझं डोकं फिरतं! सासूबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "चड गो, घे. तात्या शेजारी वाचतत." आणि खाली रस्त्यावर मोर्चा येतोय म्हटल्यावर त्या गॅलरीच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा, अख्खी चाळ कठड्यावर ओणवलेली!

मी शिडी आणली, चढले. माळ्यावर मिट्ट काळोख. दिवा कापसात! चाचपडत ट्रंक शोधली, कडी काढली, साडीला हात लागला... आणि खर्रर्र! कसला तरी आवाज झाला. मी काय केलं असेल? कुणी शहाणी बाई म्हणाली असती, कोण आहे? मी श्वास रोखून डोळे मिटले. मला वाटलं, घूस! चांगली मांजराएवढी! मी ट्रंकेला चिकटून मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. आणि घूस म्हणाली, "तात्या, शिडी नेऊ काय? नाक्यावर फलक बांधायचाय!"

तो धोंडू होता! पलीकडच्या खोलीतला, समितीचा कार्यकर्ता! आणि भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज, "ने रे! रिकामीच असेल. पण घासत नेऊ नको!"

रामरक्षेतून मी बाहेर येईपर्यंत शिडी जिना उतरली होती.

मग ओरडले. "सासूबाई!" खाली रस्त्यावर गर्जना, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." मी, "अहो, शिडी!" रस्ता म्हणतो, "झालाच पाहिजे!" मी, "शिडी आणा हो, शिडी!" रस्ता, "झालाच पाहिजे!" हजारो माणसं माझ्या प्रत्येक हाकेला जोरात पाठिंबा देत होती आणि एक माणूस वर येत नव्हता! आणि वाईट काय वाटतं सांगू? मलाही महाराष्ट्र हवा होता हो! कॉलेजात मीही घोषणा दिल्या होत्या. पण त्या घटकेला कुणी मला म्हटलं असतं, बाई, मुंबई हवी की शिडी... जाऊ दे.

खाली वाकून बघितलं. उडी मारावी? खाली स्टोव्ह, पाणी भरलेला हंडा, शेजारी विळी उभी! आणि मग एकदम सुचलं. साडी! नऊ महिने घडीत पडलेली, चांगली पीळदार, दणकट. वाशाला गाठ मारायची, धरून घसरत उतरायचं, खाली गेल्यावर ओढून घ्यायची, नेसायची आणि पळत सुटायचं. इतिहास शिकलेली बाई मी, किल्ल्यांवरून माणसं घोरपडी लावून चढली, मला एक पोटमाळा उतरता येऊ नये? वाशाभोवती पदर टाकला. गाठ मारायला घेतली. आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात मी इतकी कधी दचकले नाही. घुशीला नाही, भोंग्याला नाही! कारण माझ्याच तोंडातून, माझ्याच आवाजात, स्पष्ट शब्द आले...

"नको गं, जर झिजेल!"

मी! बी.ए.! मी त्या काळोखात साडी सोडवली, चुण्या हाताने सारख्या केल्या, व्यवस्थित घडी घातली आणि परत ट्रंकेत ठेवली. ठेवून झाल्यावर मला रडू फुटलं. रागाचं रडू! तात्यांचा राग, शिडीचा राग, धोंडूचा राग, आणि ज्या हातांनी मी ती घडी इतकी छान घातली त्या हातांचा तर काय सांगू किती राग!

तेवढ्यात तीनचा भोंगा झाला. ट्रंकेची कडी हलली. शाळेत मुख्याध्यापिका बंद दाराआड गेल्या असतील, जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असेल, तिच्या घरी शिडी असेल, स्वतःची!

मोर्चा पुढे सरकला. चाळ शांत झाली. तेव्हा मी पोटातलं सगळं बळ एकवटून, घशाची पर्वा न करता, सासरे बिसरे न बघता, एक हाक मारली. "तात्याऽऽ! मी माळ्यावर आहे! शिडी आणा! माझी मुलाखत गेलीऽऽ!"

पावलं वाजली. अनवाणी. दारात थांबली. मला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला, वाईट वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील. आणि खालून तात्या, अगदी मायेने हो, बोलले.

"वर आहेसच, सूनबाई... तर कौलांमधून कुठं गळतं ते पावसाआधी बघून ठेव."