पॅनल हसत नाई

...आन् वरतून मलेच म्हनते, "माय, तू हसली. पॅनल हसत नाई." आता तुमीच सांगा बापा, दिवसभर वच्छलाबाईच्या वावरात निंदून आलेली बाई मी, जनका माह्यं नाव, कंबर कामातून गेल्ली, तवा तापून राह्यला, आन् ही माह्यी पोरगी महामाया, बारावीतली, मले चुलीपासून उठवते, खुर्चीत बसवते, बाहेर जाते, आन् सोताच्याच घराच्या दारावर टकटक करून इचारते, "मे आय कम इन?" हसू नाई येनार काय? अव, तुह्यंच घर आहे, ये की. तं पाय आपटते. "माय, पॅनल हसत नाई."

सारी करनी त्या समताची. समता म्हंजे धामनगाव बढ्याची पोरगी, मागच्या साली शहरातून डिगरी घेऊन आली, आन् तिच्यासारखेच चारपाच जन, नवेकोरे डिगरीवाले, आमच्या अमडापुरात विहारात सांजच्याले क्लास घेतेत. ज्याच्या घरात कोनी कालेजचं तोंड पाह्यलं नाई, तेच पोरं घेतेत, आन् दूरदूरच्या कालेजात कसं जाचं ते शिकवतेत. काय बोलाचं, कसं बसाचं, बोलताना हात कुठी ठेवाचे. हाव, हाताचंबी शिकवा लागते. माह्या पोरीचे हात बोलताना भाकर थापल्यावानी हालतेत. तं समतानं सांगतलं, रोज घरी कोनासमोर तरी मुलाखत द्या. आजीसमोर द्या, बकरीसमोर द्या. आमच्या घरी बकरी नाई. मी आहो, म्हनून मुलाखत घेनारं पॅनल मीच.

खुर्चीचं सांगाचं राह्यलं. आमचे हे, दयाराम, मंडपवाल्याकडं कामाले आहेत. साऱ्या तालुक्याच्या लग्नात खुर्च्या मांडतेत, गावच्या गाव बसवतेत, आन् घरी आमी पाटावर. एकदा एका हाताची तुटकी खुर्ची मालकानं फेकाले काढली, ते हे घेऊन आले. मंग तिच्यावर कोन बसाचं? हे बसाचे, पोरगी बसाची, पाहुना बसाचा, आन् कोनीच नसलं तं वाळाले टाकलेलं माह्यं पातळ बसाचं. पातळात मी नसाची तवा.

आन् त्याच खुर्चीत मी बसली बापा. पहिल्या दिवशी नुसती टेकली म्हना, कोनी उठ म्हनलं तं उठाले बरं. पोरगी म्हने, "माय, मागं रेल." रेलली. तुमाले सांगते, माह्या पाठीच्या मागंबी काईतरी असू शकते, हे मले तवा कळलं.

समतानं मले एक प्रश्न पाठ करून देल्ला. हा इचारतेतच म्हने. "पाच वर्सांनी तुमी सोताले कुठी पाहता?" मी इचारला की पोरगी धाडधाड इंग्रजीत सांगाची, मी मान हलवाची, इकडं भाकर करपाची. एक दिवस पोरगी मलेच म्हने, "आता तू सांग माय, पाच वर्सांनी तू सोताले कुठी पाहतं?" मी म्हनलं, मले आरशात पाहाले टाइम नाई, आन् पाच वर्सांनी कुठून पाहू?

पन प्रश्न लय चिकट निंघाला. दुसऱ्या दिवशी निंदाले बसली, आन् डोळ्यासमोर एक खोली... रिकामी... वर पंखा फिरून राह्यला, सावकाश. एक खिडकी. खिडकीबाहेर बुलढान्याच्या घाटावानी हिरवंगार, ढग खाली उतरून आलेले, अंगनात आल्यावानी. कोनी हाका नाई मारून राह्यलं. कपात चहा आहे, आन् तो मी नाई केला. कोनं केला? काय मालूम... आन् मी खिडकीपाशी बसेल आहो, हात मांडीवर. काईच करून नाई राह्यली. इतके निवांत हात पाहून वाटलं, हे कोनाचे हात होय?

तं वच्छलाबाईचा आवाज. "जनके, काय उपटून राह्यली व?" खाली पाह्यलं तं तन जागच्या जागी, आन् तुरीची रोपं माह्या मुठीत.

"काऊन व, झोपली काय?"

"नाई बाई, पाच वर्सांनी कुठी राहीन ते पाहून राह्यली."

"पाच वर्सांचं सोड, उद्या माह्या वावरात नाई राहत तू."

लय बोलल्या. पन दुपारी भाकर खाताना हळूच इचारतेत, "कसं पाहाचं असते व ते?" मंग आमी दोघी बांधावर डोळे मिटून बसलो. वारा होता बारीक. त्याइले काय दिसलं ते त्याइनं सांगतलं नाई, मीबी इचारलं नाई. पन उठल्या तवा तुरीचं नावबी नाई काढलं.

मंग मले नादच लागला. समता घरी आली, तिलेबी इचारलं. येवढी बोलकी पोरगी, नुसता कप फिरवत बसली. चहावर साय धरली. मंग म्हने, "मावशी, डिगरी होऊन वरीस झालं, मलेच नोकरी नाई. घरी बोलनी खाते. पाच वर्सांनी... या पोराइचे लांबून फोन येऊन राह्यले, इतकंच दिसते." मी हसली नाई. पॅनल हसत नाई. पन पॅनलचे डोळे भरून आले तं काय कराचं, ते मले कोनी शिकवलं नव्हतं.

आन् मुलाखतीचा दिवस आला. कालेज इतकं दूर, की गाडीतच झोपाचं आन् गाडीतच उठाचं. आमचे हे म्हने, "पहिले निवड तं होऊ दे, मंग पाहू." त्याइले वाटे, होतच नाई. मुलाखत मोबाइलवर, आन् नेटवर्क विहाराच्या गच्चीवर, तेबी एकाच कोपऱ्यात. मोबाइल धराचं काम माह्याकडं. त्याचं तोंड पोरीकडं, पाठ माह्याकडं. पॅनल काई मले दिसे ना, नुसता आवाज. सारं इंग्रजीत. मी आपली पोरीचे हात पाहून राह्यली. हात बरोबर मांडीवर.

मंग तो प्रश्न आला. तो मले आता कोनत्याबी भाषेत कळते. पोरीनं तोंड उघडलं... आन् सारं गेलं. पाठ केलेलं एकूनएक गेलं. मोबाइलच्या वरतून माह्याकडं पाहून राह्यली, आन् मी काय सांगू तिले, माह्याजवळ तं पंखा आन् खिडकी. मंग पोट्टी हिंदीत आली. म्हने, पाच वर्सांनी मी सुट्टीत घरी आलेली आहो. माय खुर्चीत बसेल आहे. भाकर मी थापून राह्यली. भाकर वाकडी झाली. पन माय पॅनल आहे, म्हनून हसून नाई राह्यली.

आन् हात सुटले तिचे. तिथंच हवेत भाकर थापली तिनं.

तं ते हसले. दोघंतिघं, खदाखदा. मी म्हनलं, संपलं. पॅनल हसत नाई, आन् हे हसले. खरं सांगू? माह्यं काळीज फाटलं, आन् त्याच फाटक्या काळजाले वाटलं, चाला, पोरगी घरी तं राह्यली. दोन्हीबी एकदमच.

समताले सांगतलं, "पोरी, घात झाला, ते हसले." तं समता मले मिठीच मारते. "हसले? मावशी, मंग झालं काम."

"तूच सांगे ना, पॅनल हसत नाई?"

"ते तं तुमी हसू नये म्हनून सांगे मी."

झाली बापा निवड. आमचे हे उठले. मालकाचा टेम्पो आनला, खुर्च्या खाली उतरवल्या, पोरीची पेटी वर चढवली. तेच त्याइचं 'हो'.

पोरगी गेली. त्या सांजच्याले घर असं, की चूलबी हळू जळे. खुर्चीत नुसतं पातळ. मी पातळ उचललं आन् बसली. मागं रेलली. खिडकी येऊन राह्यली होती डोळ्यासमोर, पंखा फिरालेच लागला होता... तं हे आले. म्हनलं, "थांबा. टकटक करा." केली हो त्याइनं, टोपी काढून केली. म्हनलं, "पाच वर्सांनी तुमी सोताले कुठी पाहता?"

मानसानं टोपी काखेत धरली. छताकडं पाह्यलं, पोरीच्या दप्तराच्या रिकाम्या खुंटीकडं पाह्यलं. आन् म्हने, "इथंच. भाकरीची वाट पाहून राह्यलो."

पॅनल हसत नाई हो. पॅनल उठते, आन् पीठ मळते.