गुडघ्यांवरचे डाग

चहाच सांडला म्हणतोय ना मी, नम्रताताई! हो, दोन्ही गुडघ्यांवर — एकाच कपाचा — सांडतो एखाद्याचा. झोपेत हिचं पांघरूण जरा सरकलं काय, तुम्हाला लगेच डाग दिसले! हॉस्पिटलातून वारज्यापर्यंत आलात ते हिची, यमुनेची, औषधांची डायरी तपासायला, का माझी उलटतपासणी घ्यायला? बसा. पंखा लावतो.

नियम मला तोंडपाठ आहेत हो. औषध भरलेले कण — नॅनो का काय ते, डोळ्याला दिसत नाहीत — शिरेतून सोडायचे, मग मशीननं यकृतातली गाठ तापवायची. बेचाळीस डिग्रीला कण तिथंच फुटतात, बाकी अंगाला ताप नाही. म्हणूनच दोन दिवस गरम पाण्याची पिशवी नाही, शेक नाही. वाचून सही केलीय मी. अडाणी थोडाच आहे? असतो तर बरं झालं असतं.

त्या दिवशी डोस घेऊन घरी आलो आणि चारच्या सुमारास हिचे गुडघे दुखायला लागले. कण्हायला लागली. आता बघा, चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं म्हणून एकच काम मला येतं — शेक देणं. बाकी काय केलं मी? पेपर वाचला. म्हटलं, गाठ कुठं, गुडघे कुठं! भरली पिशवी. जरा जास्तच कडक झाली, कातडी लाल होईपर्यंत मला कळलंच नाही — हं. बोलून गेलो.

अहो, लगेच लिहिताय काय! थांबा ना. पुढचा डोस बंद करतील तिचा. आधीच मंगळवारच्या स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच — तेवढीच! तेव्हापासून डोक्यात एकच किडा: गाठीत जायचं औषध माझ्या पिशवीनं गुडघ्यांत उतरवलं का? सांगा ना. नाही, अशी मान नका हलवू, समजूत घातलेली कळते मला. तुम्हाला तरी नक्की माहीत आहे का? नाही ना? मग झालं तर. भीती वाटते हो मला.

बरं, लिहा. नवऱ्यानं शेक दिला, लिहा. आणि तिनं मागितला नव्हता, तेही लिहा. "अहो, नको, त्या नम्रताताई नको म्हणाल्यात" — दोनदा म्हणाली ती. मीच खेकसलो, गप्प पड, मला जास्त कळतं.

झालं लिहून? मग निघा आता. ती उठायच्या आत.