गप्प बसायचं काम

नाही, पण मला सांगा, अख्खं चर्चचं मंडळ आलं होतं, कुणाला सूप वाढायचं काम दिलं, कुणाला गाद्या घालायचं, कुणाला कपड्यांचे ढीग निवडायचं, आणि मला काय? तर गप्प बसायचं! मला! अहो, माझं केस कापायचं दुकान आहे, कात्री थांबेल पण तोंड थांबत नाही, टक्कल पडलेली गिऱ्हाइकं अजून येतात ती काय केस कापायला येतात? मी गप्प बसणारा माणूस आहे का, तुम्हीच सांगा!

झालं काय, पुरात घरं गेलेली माणसं शाळेच्या हॉलमध्ये आणून ठेवलेली. आम्ही मदतीला गेलो, तर दारातच फादरनी माझा दंड धरला. "त्या आजी दिसतात ना, दाराकडे तोंड करून बसलेल्या? आजोबांचा अजून पत्ता नाही. बोलत नाहीत, खात नाहीत. तू शेजारी बस. आणि हे बघ... एक अक्षर बोलायचं नाही."

मागून आमची ही फिस्सकन हसली. "फादर, त्यापेक्षा ह्यांना सूपाचं पातेलं एकट्याला उचलायला लावा, ते जमेल!" सख्खी बायको हो!

बसलो. आजींच्या अंगात कुणाचा तरी ढगळ स्वेटर, बाह्या पार बोटांच्या खाली, केस एका बाजूला चिखलानं चिकटलेले. माझे हात शिवशिवताहेत, जीभ त्याहून जास्त. म्हटलं, निदान 'हवा काय म्हणते' एवढं तरी विचारावं... पण पुरातून आलेल्या बाईला हवा विचारायची? चावली जीभ. भिंतीवरचे पाढे वाचले. उलटे वाचले. अहो, मी गप्प बसणारा माणूस आहे का!

आणि मग ट्रक आला. पाण्यातून काढलेली माणसं घेऊन.

तुम्हाला सांगतो, हॉलमध्ये इतका वेळ नुसता कालवा चाललेला, पोरं रडताहेत, भांडी आपटताहेत, आणि बाहेर इंजिन वाजलं तसं सगळं चिडीचूप. अख्खा हॉल दाराकडे बघतोय. आजींनी माझं मनगट धरलं... काय धरलं! एक माणूस उतरला, कोपऱ्यातून एक मुलगी "बाबा!" करत धावली, आणि टाळ्या! मला वाटलं, आमच्या मंडळातलंच कुणीतरी उत्साही. नाही हो! ज्यांचं कुणी आलं नव्हतं ना, ते वाजवत होते! आजीसुद्धा! माझं मनगट सोडून, त्या लांब बाह्यांमधून, आवाजसुद्धा येत नव्हता, पण वाजवल्या टाळ्या. आणि परत मनगट धरलं.

मी काही बोललो नाही. सुचलंच नाही. मला!

आणखी एक ट्रक आला, आजींचं कुणी नाही. तरी टाळ्या. मग आणखी एक. सगळे उतरून झाले, आणि शेवटी एक काटकुळे आजोबा, पाठीवर एक म्हातारी बाई घेऊन, धडपडत खाली. आजी ताडकन उठल्या.

"कुठे होतात? मागून येतो म्हणालात ना? नावेत बसवलंत मला आणि कुठे गेलात?"

"अगं, शेजारच्या काकूंना चालता येत नाही, त्यांना कोण..."

"मग सांगून जायचं ना! मी इथे जीव मुठीत धरून बसलेय, आणि केवढे वाळलात, आणि चप्पल कुठेय, आणि डोकं पुसा आधी, थांबा, मीच पुसते..."

स्वेटरच्या बाहीनं पुसताहेत आणि बोलताहेत, बोलताहेत, थांबायचं नाव नाही! टाळ्यांनी छप्पर उडायची पाळी. फादर हळूच म्हणाले, "आता बोललास तरी चालेल हं." कसला बोलतोय? डोळेच गळायला लागले... भर हॉलमध्ये, मी!

नंतर सूप पिता पिता आजोबा माझ्या कानाशी आले. "छपरावर बसलो होतो ना, चहूकडे पाणी. पण पाण्याची नाही वाटली भीती. हिचा आवाज नव्हता, त्याची वाटली."

काय बोलला हो माणूस! परतीच्या बसमध्ये मी हे आमच्या हिला सांगितलं, आणि विचारलं, "मी असा कुठे अडकलो, तर तुला येईल का गं आठवण माझ्या आवाजाची?"

ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली,

"आधी अडकून तर बघा!"